टेप कुणाची? जेफ ट्वीडी, विल्को आणि २००१ सालचा उन्हाळा

इंडी रॉक ऐकणाऱ्या जवळपास प्रत्येकाला जेफ ट्वीडीच्या विल्को या अमेरिकन बँडची आणि त्यांच्या 'यँकी हॉटेल फॉक्सट्रॉट' या अल्बमची गोष्ट माहीत असते. कंपनीने अल्बम नाकारला, बँडने तो नेटवर फुकट ऐकवला, दुसऱ्या कंपनीने घेतला आणि तो गाजला, संपली गोष्ट. हे खरंच आहे, पण इतकं गुळगुळीत करून सांगितलं जातं की त्यात कुणी काही ठरवलं असं वाटतच नाही, सगळं आपोआप घडल्यासारखं वाटतं. मी हा अल्बम इतक्या वर्षांत किती वेळा ऐकला असेल मोजदाद नाही, त्याबद्दल जे हाताला लागलं ते वाचलं, आणि दर वेळी मला वाटत राहिलं की कंपनीला नाही म्हणणं हा यातला सोपा भाग होता. अवघड गोष्टी दोन: टेप, म्हणजे अल्बमचं मूळ ध्वनिमुद्रण, हातात येणं, आणि बँडच्या आत ज्यांना जावं लागलं त्यांचं काय.

लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, ऑफिसातली माणसं, मॅनेजर, वकील यांची नावं मी मुद्दाम गाळलीयेत, कारण इथे कुणा एकाला धरायचं नाहीये, निर्णय बघायचेत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मात्र नावानेच बोलतो, त्यांची नावं रेकॉर्डवरच छापलेली आहेत.

पार्श्वभूमी

जेफ ट्वीडीचा जन्म १९६७ चा, इलिनॉयमधल्या बेलव्हिलचा, सेंट लुईसहून नदी ओलांडली की लागतं ते गाव. शाळेतला मित्र जे फरार (Jay Farrar) आणि ड्रमर माइक हायडॉर्न यांच्यासोबत त्याने अंकल टुपेलो हा बँड काढला, १९९० मध्ये पहिला अल्बम आला, छोट्या लेबलवर. जुनं कंट्री आणि पंक एकाच दमात वाजवायची त्यांची पद्धत पुढे 'ऑल्ट-कंट्री' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी आहे. एकूण चार अल्बम झाले, चौथा १९९३ मध्ये मोठ्या कंपनीवर, आणि १९९४ ला फरार बाहेर पडला. पहिल्या तीन अल्बमच्या रॉयल्टीसाठी नंतर या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि त्यातूनच त्या तीन अल्बमचे हक्क त्यांच्याकडे परत आले. हे आत्ताच लक्षात ठेवा, कारण आपण वाजवलेली टेप आपली असतेच असं नाही हा धडा ट्वीडीच्या आयुष्यात एकदाच आलेला नाही.

फरार गेल्यावर जे उरले ते विल्को झाले. फरारसमोर ट्वीडी कायम दुसरा गायक समजला जायचा, लोकांना वाटलं याचं काही खरं नाही. १९९५ चा पहिला अल्बम तसा साधाच होता. मग गिटार, कीबोर्ड, जे हाताला लागेल ते वाजवणारा जे बेनेट (Jay Bennett) बँडमध्ये आला आणि १९९६ मध्ये त्यांनी डबल अल्बम काढला. कंपनीला दोन सीडी म्हणजे जास्त किंमत हवी होती, ट्वीडी म्हणाला एकाच सीडीच्या किमतीला विका, हवं तर माझ्या रॉयल्टीतून कापा. कंपनीने कापली. लोक हे ट्वीडीच्या मोठ्या मनाचं उदाहरण म्हणून सांगतात आणि ते आहेच, पण मला त्यात अजून एक गोष्ट दिसते: कंपनीशी वाटाघाटी करताना तो पैसा सोडायचा आणि संगीत धरून ठेवायचा, ही सवय त्याला तेव्हापासूनच होती.

१९९९ च्या अल्बमच्या वेळी उलटं झालं. लेबलला रेडिओवर चालेल असं गाणं हवं होतं, बँडने मान्य केलं, एका गाण्याचं खास रेडिओसाठी नवीन मिक्स, म्हणजे त्यातल्या आवाजांची नवी जुळवणी, करून घेतलं. ते गाणं चाललं नाही. म्हणजे २००१ मध्ये लेबलने 'थोडे बदल करा' म्हटलं तेव्हा बँडने तो मार्ग आधीच चालून बघितलेला होता. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात, मला ती कळीची वाटते. नाही म्हणायला नुसती हिंमत पुरत नाही, आधी एकदा हो म्हणून काय मिळालं तेही आठवावं लागतं.

अडचण

अडचण एक नव्हतीच, एकात एक गुंतलेल्या तीन होत्या.

पहिली बँडच्या आत. अल्बमचं रेकॉर्डिंग चाललं होतं शिकागोमध्ये, त्यांच्या स्वतःच्या जागेत, तिला ते 'लॉफ्ट' म्हणतात. आपली जागा म्हणजे स्टुडिओचं भाडं नाही, घड्याळ नाही, कितीही वेळ लावा. याचा फायदा गाण्यांना झाला आणि तोटा माणसांना. मध्येच ट्वीडीची गाठ जिम ओ'रूर्कशी पडली, प्रयोगशील संगीतातलं मोठं नाव, आणि त्याच्यामार्फत ड्रमर ग्लेन कॉचीशी. कॉचीचं वाजवणं ऐकल्यावर ट्वीडीला नवीन गाण्यांचा आवाज कसा हवा ते कळलं, आणि २००१ च्या सुरुवातीला विल्कोचा पहिल्यापासूनचा ड्रमर केन कूमर याला जावं लागलं. मग प्रश्न आला मिक्सिंगचा. बेनेट मिक्स करत होता, एका गाण्यावर शेकडो थर चढवलेले होते, त्यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं यावरून त्याचं नि ट्वीडीचं पटेना. शेवटी मिक्स ओ'रूर्ककडे गेलं आणि त्याने बरंचसं काढून टाकलं.

योगायोग असा की त्याच काळात एक डॉक्युमेंटरीवाला हे सगळं ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर शूट करत होता, त्यामुळे आपल्याला ही भांडणं बघायला मिळतात. एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एक गाणं संपून पुढचं सुरू होतं त्या मधल्या काही सेकंदांच्या आवाजावरून वाद चाललाय. बेनेटला वाटतंय ट्वीडीला आपला मुद्दा कळलेलाच नाही, म्हणून तो परत परत समजावतोय, आणि ट्वीडी म्हणतोय कळलाय, मला फक्त त्याने काही फरक पडत नाही. बेनेट थांबत नाही. थोड्या वेळाने ट्वीडी उठतो, बाथरूममध्ये जातो आणि ओकतो. त्याला लहानपणापासून मायग्रेनचा त्रास होता. परत येऊन तो बोलायला लागतो. पहिल्यांदा बघताना बेनेटचा राग येतो. नंतर कधीतरी बघितलं की लक्षात येतं, हा माणूस ज्या कामात सगळा जीव ओतून बसलाय ते काम हळूहळू त्याच्या हातातून सुटतंय आणि हे त्याला अजून कुणी तोंडावर सांगितलेलं नाही.

दुसरी अडचण लेबलची. विल्को रिप्राइझ या लेबलवर होते, रिप्राइझ वॉर्नरचं. जानेवारी २००० मध्ये एओएल ही इंटरनेट कंपनी आणि टाइम वॉर्नर एकत्र येणार असं जाहीर झालं, वर्षभराने ते पूर्ण झालं, आणि मग जे होतं तेच झालं, शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, प्रत्येक विभागावर आकड्यांचा दबाव आला. रिप्राइझचे जे प्रमुख विल्कोच्या बाजूने उभे राहायचे ते २००१ मध्ये कंपनी सोडून गेले. जून २००१ मध्ये अल्बम ऑफिसात पोचला तेव्हा तो ऐकणारी माणसं बदललेली होती. त्यांना त्यात एकही रेडिओचं गाणं सापडलं नाही.

इथे लेबलच्या बाजूनेही एकदा ऐकून बघा. पहिलंच गाणं ड्रम अडखळत, घंटा-खेळण्यांसारखे आवाज करत सुरू होतं आणि शेवटी जवळजवळ मोडून पडतं. अल्बमच्या शेवटाकडे एका गाण्यात शॉर्टवेव्ह रेडिओवरच्या एका बाईचा आवाज आहे, भावनाशून्य, फक्त तीन शब्द परत परत म्हणणारा, 'यँकी, हॉटेल, फॉक्सट्रॉट'. हेरांसाठी आकडे आणि सांकेतिक अक्षरं वाचणाऱ्या ज्या स्टेशनांच्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्रह निघाला होता, त्यातला तो आवाज. खाली गोंगाट वाढत जातो आणि बाई बोलतच राहते, गाणं तिच्याखाली गाडलं जातं. अल्बमचं नावही त्यावरूनच पडलं. ज्या माणसाची नोकरी येत्या तीन महिन्यांच्या विक्रीवर टांगलेली आहे त्याने हे ऐकून घाबरणं मला समजतं. तो चुकला, पण मूर्ख नव्हता.

तिसरी अडचण कागदावरची. मोठ्या लेबलच्या नेहमीच्या करारात मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण, कंपनीच्या मालकीचं असतं. त्यांनी ॲडव्हान्स दिलेला असतो, तो विक्रीतून वसूल होईपर्यंत कलाकाराला रॉयल्टी मिळत नाही, पण वसूल झाल्यावरही मालकी कंपनीचीच राहते. घराचं कर्ज फेडलं तरी घर बँकेचंच, तसं. कंपनीने अल्बम नाकारला आणि टेप सोडलीच नाही तर तो कपाटात पडून राहतो. तीच गाणी दुसरीकडे जाऊन पुन्हा रेकॉर्ड करू म्हणाल तर त्यावरही करारात काही वर्षांची बंदी घातलेली असते. गाणं लिहिल्याचा हक्क वेगळा, तो लिहिणाऱ्याकडे राहतो, २००२ साली अमेरिकेत त्याचा कायद्याने ठरलेला दर प्रत्येक गाण्याला प्रत्येक कॉपीमागे ८ सेंट होता आणि करारात बहुधा त्यातही कपात करून घेतात. पण अल्बम बाहेरच आला नाही तर ८ सेंट कशावर मिळणार?

समोर असलेले पर्याय

पहिला, बदल करणे. एक-दोन गाणी सोपी करायची, गायकाचा आवाज वर आणायचा, गोंगाट कमी करायचा. पैसा चालू राहिला असता, लेबल खूश झालं असतं निदान काही दिवस. पण १९९९ चा अनुभव ताजा होता, आणि यावेळी तर गोंगाट हाच अल्बमचा विषय होता. माणसं एकमेकांशी बोलायला बघतायत आणि मध्ये खरखर येतेय, शब्द पोचत नाहीयेत, हे सगळ्या अल्बमभर आहे. खरखर काढली तर उरतात चांगली गाणी, पण हा अल्बम उरत नाही.

दुसरा, अडून बसणे. आम्ही बदलणार नाही, तुम्ही करारानुसार काढा. यात बँड लेबलवरच राहतो, आणि ज्या लेबलला अल्बम नकोय ते जाहिरात करणार नाही, दुकानात ढकलणार नाही, तारखा पुढे ढकलत बसेल. माझ्या मते हा सगळ्यात वाईट पर्याय होता आणि बरेच कलाकार नेमके यातच अडकतात, कारण यात कुणालाच काही ठरवावं लागत नाही.

तिसरा, निघून जाणे, पण टेप घेऊन. यासाठी कंपनीला पटायला हवं की टेप ठेवण्यापेक्षा देऊन टाकणं स्वस्त आहे.

चौथा, टेप मागे ठेवून निघून जाणे आणि सगळं नव्याने सुरू करणे. हा कुणाच्या मनात खरंच आला असेल असं वाटत नाही, तरी लिहितो, कारण टेप सुटली नसती तर हाच उरला असता.

तिसरा पर्याय धरायला बँडच्या खिशात काहीतरी असावं लागतं, आणि विल्कोकडे ते होतं. त्यांचं पोट रेकॉर्ड विक्रीवर नव्हतंच, ते गाडीत सामान टाकून गावोगाव वाजवून जगत होते, आणि १९९४ पासून जमवलेला श्रोता त्यांच्या मागे होता. लेबलने उद्या दार बंद केलं तरी परवा तिकिटं विकली जाणार होती. हे सुटलं की ही सगळी गोष्ट नुसती धाडसाची कथा होऊन बसते, आणि मग एखादा नवा मुलगा, ज्याच्यामागे अजून दोनशे माणसंही नाहीत, तो हे वाचून आपला करार फाडतो. मला याची खरंच काळजी वाटते.

काय केलं

बँडने बदल करायला नकार दिला. लेबलने बँडला सोडलं. टेपसाठी आधी ५० हजार डॉलर द्यायचं ठरत होतं, शेवटी ती फुकटच मिळाली. कंपनीला हे प्रकरण हातावेगळं करायचं होतं, आणि बँडची माणसं आवाज न वाढवता, वर्तमानपत्रात शिव्या न देता बोलत राहिली. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा टप्पा वाटतो आणि याचं कुठे गाणं होत नाही, कारण यात बघण्यासारखं काहीच नाही, वकील आणि मॅनेजर फोनवर बोलतायत आणि कागद फिरतायत. पण ट्वीडीची सगळी मोकळीक त्या कागदात होती. ती सही झाल्यावर अल्बम पहिल्यांदा त्यांचा झाला.

याच दिवसांत बेनेटला बँडमधून काढलं. अल्बम पूर्ण झाला होता, बहुतेक गाण्यांवर लेखक म्हणून ट्वीडी आणि बेनेट अशी दोघांची नावं होती, आणि दोघातला एक आता बाहेर होता.

रिलीजची आधी ठरलेली तारीख ११ सप्टेंबर २००१ होती. लेबल सुटल्यामुळे ती तशीही रद्द झालेली. त्या दिवशी जे घडलं ते सगळ्यांना माहीत आहे. अल्बमच्या कव्हरवर शिकागोच्या मरीना सिटीच्या दोन जुळ्या इमारती आहेत आणि गाण्यांमध्ये उंच इमारती हलण्याचा, अमेरिकन झेंड्यांच्या राखेचा उल्लेख, सगळं आधीच लिहून झालेलं. नंतर ऐकणाऱ्यांना त्यात जे ऐकू आलं ते बँडने ठरवून घातलेलं नव्हतं.

अल्बमची गाणी एव्हाना नेटवर फुटली होती, एमपीथ्री फिरत होत्या, त्यातल्या काही खराब, काही अर्धवट. आता काय करायचं? बहुतेक मंडळींनी तेव्हा वकिलाची नोटीस पाठवली असती, नेटवर गाणी फुकट वाटून घ्यायची सोय असलेलं नॅपस्टर त्याच उन्हाळ्यात बंद पडलं होतं, वातावरणच तसं होतं. विल्कोने १८ सप्टेंबरला अख्खा अल्बम आपल्याच वेबसाइटवर ऐकायला ठेवला. टेप लेबलकडे असती तर हे करताच आलं नसतं, म्हणून मी मघापासून टेप टेप करतोय. फुटलंय ते परत भरता येत नाही, मग निदान चांगल्या आवाजात आणि योग्य क्रमाने तरी ऐकवू, असा साधा विचार. तेव्हा बऱ्याच घरांत टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं, अडकत अडकत गाणं यायचं, तरी लोकांनी ऐकलं.

आणि मग ते गाडीत बसून निघाले, चौघे जण, ट्वीडी, बासवर जॉन स्टिराट, कॉची आणि लिरॉय बाख. जो अल्बम दुकानात नाही त्याची गाणी समोरचे लोक शब्दन् शब्द म्हणत होते. बँडसाठी यापेक्षा मोठी पावती काय असणार, आणि ज्या लेबलांना हा अल्बम घ्यावा की नाही असं वाटत होतं त्यांच्यासाठीही.

बरीच लेबलं पुढे आली. नोव्हेंबर २००१ मध्ये त्यांनी नॉनसचशी करार केला, ज्यांच्याकडे स्टीव्ह राइख, क्रोनोस क्वार्टेट, ब्यूएना व्हिस्टा सोशल क्लब असली मंडळी होती, म्हणजे रेडिओचं गाणं कुठाय असं विचारण्याची तिथे पद्धतच नव्हती. नॉनसच हेही वॉर्नरचंच, त्यामुळे एकाच कंपनीने एकाच अल्बमचे दोनदा पैसे मोजले हा किस्सा जन्माला आला आणि आजपर्यंत चालू आहे. किस्सा मजेशीर आहे, मलाही आवडतो. पण त्यामुळे निवड झाकली जाते. सगळ्यात जास्त पैसे देणारं लेबल निवडायचं की आपल्यासारखी माणसं आधीच सांभाळून असलेलं, हा प्रश्न होता, आणि त्यांनी दुसरं निवडलं.

निकाल

२३ एप्रिल २००२ ला अल्बम दुकानात आला. लोकांनी सात महिने आधीच फुकट ऐकलेला, तरी पहिल्या आठवड्यात ५५ हजारांवर प्रती गेल्या आणि बिलबोर्डच्या यादीत तो १३ व्या क्रमांकावर लागला, विल्कोचा आधीचा एकही अल्बम इतका वर पोचला नव्हता. पुढे त्याला अमेरिकेत गोल्ड मिळालं, म्हणजे ५ लाख प्रती. समीक्षकांच्या वर्षअखेरच्या काही याद्यांमध्ये तो पहिल्या नंबरवर होता. २००४ चा पुढचा अल्बम, तोही नॉनसचवर, ग्रॅमी घेऊन आला.

पैशाचा आणि नावाचा हिशोब असा चांगलाच जमेकडे झुकला. माणसांचा हिशोब वेगळा आहे.

ट्वीडीच्या मायग्रेनबरोबर पॅनिक अटॅकही होते आणि त्यावरच्या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन लागलेलं होतं. २००४ मध्ये तो उपचारासाठी रिहॅबमध्ये दाखल झाला, अल्बमची तारीख थोडी पुढे न्यावी लागली. तो तिथून बरा होऊन आला आणि नंतर याबद्दल त्याने इतकं मोकळेपणाने लिहिलं-बोललं की त्याबद्दल मला त्याच्या गाण्यांइतकाच आदर आहे. त्याच वर्षी नेल्स क्लाइन आणि पॅट सॅन्सोन बँडमध्ये आले, आणि ज्या बँडमध्ये दहा वर्षं सारखी माणसं बदलत होती तिथे तेव्हापासून तेच सहा जण आहेत. २०१० पासून मॅसॅच्युसेट्समधल्या एका म्युझियमच्या आवारात ते आपला फेस्टिव्हल भरवतात, २०११ मध्ये त्यांनी स्वतःचं लेबल काढलं, डीबीपीएम, आणि आता नाकारणारंही कुणी वर उरलं नाही. २००१ मध्ये टेप परत मिळवली, तिथून निघालेला रस्ता दहा वर्षांनी इथे पोचला.

बेनेटने नंतर छोट्या लेबलांवर एकट्याचे अल्बम काढले, इलिनॉयमध्ये स्टुडिओ चालवला. मे २००९ मध्ये त्याने ट्वीडीवर दावा ठोकला, विल्कोच्या काळातली रॉयल्टी आणि डॉक्युमेंटरीचे पैसे मिळाले नाहीत म्हणून. त्याला खुब्याचं ऑपरेशन करायचं होतं आणि विम्यातून ते होत नव्हतं, हे त्याने स्वतः जाहीरपणे लिहिलं होतं. त्याच महिन्यात वेदनाशामक औषधाच्या नकळत झालेल्या ओव्हरडोसने तो गेला. ४५ वर्षांचा होता.

काय वेगळं करता आलं असतं

लेबलच्या बाबतीत बँडने केलं त्यात मला खोट काढता येत नाही, फक्त एक म्हणेन. टेप फुकट मिळाली हे त्यांचं कौशल्य होतं तसंच नशीबही होतं, एखाद्या चिडक्या किंवा सावध अधिकाऱ्याने ती सहज दाबून ठेवली असती. करार करतानाच, सगळे खूश असताना, एक कलम घालून घ्यायला हवं की कंपनीने अमुक महिन्यांत अल्बम काढला नाही तर झालेल्या खर्चाच्या रकमेत मास्टर परत घेता येईल. ॲडव्हान्स थोडा कमी मिळेल, मिळू दे. आज ज्यांना करार समोर ठेवला जातोय त्यांनी रॉयल्टीच्या टक्क्यांआधी हे पान शोधावं असं मला कळकळीने वाटतं.

कूमरच्या जाण्याबद्दल मी कमी बोलतो कारण संगीताच्या दृष्टीने तो निर्णय ऐकू येतो, कॉचीशिवाय हा अल्बम झालाच नसता. पण ज्या पद्धतीने बातमी पोचवली गेली ती चांगली नव्हती, हे कूमरने स्वतःही पुढे सांगितलंय, आणि सात वर्षं सोबत वाजवलेल्या माणसाला ते समोर बसून सांगायला हवं होतं.

बेनेटचं मात्र मी वर्षानुवर्षं मनात घोळवतोय. दोघं एकत्र राहू शकले असते का? नाही, असंच मला वाटतं, तो बाथरूमचा प्रसंग बघून तर खात्रीच पटते. ट्वीडीने नंतर असंही सांगितलंय की दोघंही आपापल्या व्यसनांत होते आणि आपण तिथेच राहिलो असतो तर जगलो नसतो. त्यामुळे वेगळं व्हायचं की नाही हा प्रश्न नाहीच. प्रश्न कसं, हा आहे. त्या उन्हाळ्यात कंपनीकडून टेप सोडवायला वकील बसले होते, कागदावर कागद होत होते, प्रत्येक शब्द तपासला जात होता. त्याच उन्हाळ्यात बँडमधला एक लेखक बाहेर पडत होता, आणि त्याचा हिशोब आठ वर्षांनी कोर्टात गेला, म्हणजे तो तेव्हा मिटलेला नव्हता, निदान एकाच्या मनात तरी नाही. कोण बरोबर होतं हे मला ठरवायचं नाही, तो दावा कुठे पोचायच्या आत माणूसच राहिला नाही. पण कुठल्या गाण्यात कुणाचा किती वाटा, स्टुडिओत जे यंत्र-तंत्र लावलं त्याचं काय, फिल्म निघतेय तिच्यात पैसे कसे, पुढची वीस वर्षं चेक कुणी पाठवायचा आणि हिशोब कुणाला विचारायचा, हे सगळं तेव्हाच तिसऱ्या कुणाला मध्ये बसवून, दोघांच्या सहीने लिहून काढता आलं असतं. कंपनीसाठी वकील लावायला आपल्याला लाज वाटत नाही, मित्रासोबत कागद करायचा म्हटलं की अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, आणि मग जे राहून जातं ते असं राहून जातं.

दुसरं म्हणजे तब्येत. त्या फिल्ममध्ये एक माणूस काम करता करता ओकायला जातो आणि परत येऊन कामाला लागतो, आणि खोलीत कुणी म्हणत नाही की आज बंद करू. स्वतःची जागा होती, घड्याळ नव्हतं, भाडं नव्हतं, एक दिवस थांबायला काहीच अडचण नव्हती. मी तिथे असतो तर थांबवलं असतं का, माहीत नाही. मिक्स चांगला होत असताना थांबवणं फार जड जातं.

२०२२ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून अल्बमची मोठी आवृत्ती निघाली, त्यात अर्धवट राहिलेले, टाकून दिलेले, वेगळ्या चालीत वाजवलेले कितीतरी टेक आहेत. ते ऐकताना कळतं की एकेक गाणं किती वाटांनी जाऊन आलंय, काही वाटा तर शेवटच्या अल्बमइतक्याच सुंदर. ज्या जोडावरून ते दोघं भांडले होते तो जोडही मी परत ऐकला. एक गाणं खरखरीत विरतं, आणि पुढच्याचे ड्रम सुरू होतात. काही सेकंदांचाच आहे.